सात शिलिंगांचे गाव

टोला नावाच्या एका विधवेचे हे गाव. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागून डॉर्सेट नावाचा परगणा आहे. त्यातून पिडल नावाची नदी वाहते. नदी कसली, आपल्याकडे तिला ओढाच म्हणतील. पण नितळ पाण्याचा, हिरव्यागार काठांचा ओढा. काठावरच्या गावांनी तिचेच नाव लावून घेतले आहे. पडलटाऊन, अफपडल, ब्रायंट्सपडल आणि टोलपडल. इंग्रजांच्या घरगुती बोलीत ‘पिडल’ म्हणजे पोराबाळांची शू. म्हणून कोणा भल्या माणसांनी लाजून पिडलचे पडल केले, असे तिकडचे लोक हसत हसत सांगतात. टोला ही अकराव्या शतकातली. तिचा नवरा ऑर्क हा राजाच्या पदरी होता. त्याच्या मागे तिने इथली जमीन ॲबट्सबरीच्या मठाला दिली. पुढे १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या राज्यात तो मठ बुडाला आणि जमिनी या धन्याकडून त्या धन्याकडे गेल्या. ऑर्कचे नाव आता कोण घेतो? टोलाचे नाव मात्र हजार वर्षे गावाला चिकटून राहिले आहे.

बाईच्या नावाच्या या गावाला जग ओळखते ते सहा पुरुषांमुळे. हे सहाही जण शेतमजूर होते. १८३४ साली त्यांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गुन्हा काय? तर मजुरी कमी होऊ नये म्हणून ते एकत्र आले. चोरी नाही, मारामारी नाही, कोणाच्या गंजीला काडी लावली नाही. इंग्लंडातल्या कामगार चळवळीत या सहा जणांना ‘टोलपडलचे हुतात्मे’ म्हणतात. आपल्याकडे हुतात्मा म्हणजे ज्याने प्राण दिला तो. हे सहाही जण जिवंत परत आले. तरीही तिकडे त्यांना हा शब्द लावतात, आणि त्यांची कहाणी ऐकल्यावर मलाही तो खटकला नाही.

माझी लेक डॉर्सेटमध्येच, पूल या बंदराच्या शहरात, परिचारिका आहे. पिडल नदी पूलच्याच खाडीला जाऊन मिळते. गेल्या मे महिन्यात मी तिच्याकडे असताना तिने मला गाडीने टोलपडलला नेले. अंतर पंधरा-सोळा मैलांचे. महामार्ग आता गावाच्या बाहेरून जातो, त्यामुळे गावात शिरताच एकदम शांत वाटते. एकच मुख्य रस्ता. दोन्ही बाजूंना बसकी घरे, काहींवर अजून जाड गवती छप्पर. काही जुन्या भिंती मातीत पेंढा तुडवून केलेल्या. त्याला तिकडे ‘कॉब’ म्हणतात. मराठवाड्यातल्या पांढऱ्या मातीच्या घरात माझे बाळपण गेले, त्यामुळे त्या भिंतीची जाडी मला हात न लावता कळली. गंमत अशी, की त्या काळी असली घरे मजुरांची असत. आज तशा घराची किंमत ऐकली तर मजुराने तिकडे फिरकूच नये! 

गावाच्या मधोमध एक लहानशी हिरवळ आहे आणि तिच्यावर एक अवाढव्य झाड. सिकॅमोर त्याचे नाव, मेपलच्या कुळातले. बुंधा असा की चार-पाच जणांनी हात धरले तर वेढा पुरा व्हावा. २००५ मध्ये जाणकारांनी मोजमाप करून त्याचे वय तीनशे वर्षांच्या वर असल्याचे सांगितले. म्हणजे १८३३ मध्येही ते चांगले दीडशे वर्षांचे होते. या झाडाखाली मजूर जमत आणि बोलत. पाराखाली जमावे तसे. गरिबाला सभेसाठी दुसरी जागा कुठली? नॅशनल ट्रस्ट ही संस्था आज या झाडाची देखभाल करते. जवळच गवती छपराचा एक निवारा आहे. तो १९३४ मध्ये सर अर्नेस्ट डेबनहॅम या कापडाच्या बड्या व्यापाऱ्याने बांधून दिला. आम्ही त्यात बसून डबा खाल्ला.

आता त्या मजुरीची गोष्ट. १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडात शेतमजुरांचा मोठा उठाव झाला होता. मळणीची यंत्रे आली होती, त्यामुळे हिवाळ्यातले काम गेले. मजुरांनी यंत्रे फोडली, गंजी पेटवल्या. ‘कॅप्टन स्विंग’ अशा बनावट सहीची धमकीची पत्रे मालकांना जात. सरकारने उठाव चिरडला. एकोणीस जणांना फाशी दिले आणि पाचशेच्या आसपास लोकांना समुद्रापार पाठवले. टोलपडलच्या लोकांनी हे सारे पाहिले होते. म्हणून त्यांनी दंगा केला नाही, ते बोलायला गेले. आजूबाजूच्या भागात आठवड्याला दहा शिलिंग मिळत होते, तेवढेच द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शेतमालकांनी गावच्या पाद्र्यासमोर तसे कबूल केले. मजुरीची रक्कम मात्र वाढली नाही. उलट नऊ शिलिंग होती ती आठ झाली, आठाची सात झाली, आणि पुढे सहाच देऊ असे सांगण्यात आले. वीस शिलिंगांचा एक पौंड. सात शिलिंगांत नवरा-बायको आणि पोरांनी आठवडा काढायचा. मजूर पुन्हा त्या पाद्रीसाहेबांकडे गेले. डॉ. वॉरन त्यांचे नाव. त्यांनी तसा काही करार झाल्याचेच नाकारले.

हे ऐकताना मला माझे वडील आठवले. ते सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचे. ज्वारी इतकी, रोकड इतकी, एक धोतरजोडी, एक वहाण. ठरवताना गावातले चार शहाणे हजर असत. दिवाळीनंतर त्यातले काय काय उरायचे आणि त्या चार शहाण्यांना काय काय आठवायचे, हे इथे लिहायची गरज नाही. ज्याच्या घरी सालगडी होता त्याला आणि जो सालगडी होता त्याला, दोघांनाही ते ठाऊक आहे.

टोलपडलच्या मजुरांत जॉर्ज लव्हलेस नावाचा सदतीस वर्षांचा माणूस होता. नांगरटीचे काम करायचा. शाळेचे शिक्षण जेमतेम, पण स्वतःच्या मेहनतीने वाचायला शिकला, चार पुस्तके जमवली आणि मेथडिस्ट पंथात प्रवचने देऊ लागला. सरकारी चर्च जमीनदारांचे, तर मेथडिस्टांची प्रार्थना गरिबांची, अशी तिकडे तेव्हा वाटणी होती. शहरांतल्या कामगारांच्या संघटना उभ्या राहत आहेत हे जॉर्जला कळले होते. १८३३ मध्ये त्या चळवळीचे दोन माणसे गावात येऊन बोलले आणि ‘शेतमजुरांची मित्रसंस्था’ स्थापन झाली. प्रवेश फी एक शिलिंग, पुढे आठवड्याला एक पेनी. एका शिलिंगात बारा पेन्स. म्हणजे सात शिलिंगांच्या संसारातून सभासद व्हायला आठवड्याच्या कमाईचा सातवा हिस्सा काढून द्यायचा!

सभा भरायची थॉमस स्टँडफिल्डच्या घरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. ते घर आजही उभे आहे. भिंतीवर माहितीची पाटी आहे, आत लोक राहतात, म्हणून रस्त्यावरूनच पाहायचे. ९ डिसेंबर १८३३ च्या रात्री तिथे नवे सभासद घेतले गेले. त्यांच्या डोळ्यांना पट्टी बांधली, बायबलवर शपथ दिली. पट्टी सोडली तेव्हा समोर हाडांच्या सापळ्याचे मोठे चित्र. म्हणजे, बाबा, मरण लक्षात ठेव आणि गुपित फोडू नकोस. आज आपल्याला हा प्रकार पोरखेळ वाटेल. पण पोट भरण्याची बात जिथे कुजबुजत करावी लागते, तिथे माणसे असलेच विधी करतात. त्या रात्री शपथ घेणाऱ्यांत एडवर्ड लेग होता. तीन महिन्यांनी कोर्टात सरकारच्या बाजूने साक्षीला उभा राहिला तो हाच.

आता कायद्याचा खेळ पाहा. संघटना करणे हा त्या वेळी गुन्हा नव्हता. ती बंदी १८२४ मध्येच उठली होती. मग यांना पकडायचे कशाखाली? शेजारच्या मोरटनचा जमीनदार जेम्स फ्रॅम्प्टन मॅजिस्ट्रेटही होता. १८३० चा उठाव मोडण्यात तो पुढे होता. त्याने लंडनला गृहमंत्री लॉर्ड मेलबर्नला पत्रे लिहिली. तिकडून वाट दाखवण्यात आली. १७९७ मध्ये आरमारातल्या खलाशांनी बंड केले होते, तेव्हा गुप्त शपथांविरुद्ध एक कायदा केलेला होता. जहाजावरच्या बंडासाठी केलेला तो कायदा नांगर धरणाऱ्या माणसांना लावला. गावात नोटिसा चिकटवल्या. दोन दिवस जातात न जातात तोच, २४ फेब्रुवारी १८३४ च्या पहाटे, जॉर्ज कामावर निघाला असता कॉन्स्टेबलने त्याला गाठले. जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ जेम्स, थॉमस स्टँडफिल्ड, त्याचा एकवीस वर्षांचा मुलगा जॉन, जेम्स हॅमेट आणि वीस वर्षांचा जेम्स ब्राइन. सहाही जण सात मैल चालत डॉर्चेस्टरला गेले. पळण्याचा प्रयत्न कोणी केला नाही, कारण आपण काही वाईट केले आहे असे त्यांना वाटतच नव्हते. तुरुंगात गेल्यावर त्यांची डोकी भादरली.

डॉर्चेस्टरचे ते कोर्ट आम्ही आधी पाहिले होते. शायर हॉल त्याचे नाव, १७९७ ची इमारत. २०१८ पासून तिथे संग्रहालय आहे. न्यायाधीशाची उंच बैठक, ज्यूरीची बाके, आरोपींचा कठडा सारे तसेच ठेवले आहे. खाली अंधाऱ्या कोठड्या आहेत. खटला सुरू करायचा की नाही हे ठरवणाऱ्या मोठ्या ज्यूरीचा प्रमुख होता गृहमंत्र्याचा मेव्हणा, आणि तिच्यातच बसला होता तक्रार करणारा फ्रॅम्प्टन. तक्रार त्याची, तपास त्याचा, निवाड्याला बसलेले लोकही त्याचेच! १९ मार्चला न्यायाधीश जॉन विल्यम्स याने प्रत्येकाला सात वर्षांची हद्दपारी सुनावली. जॉर्जने लेखी दिलेल्या जबाबाचा आशय साधा होता. आम्ही कोणाचे नुकसान केले नाही, स्वतःला आणि बायकापोरांना उपासमारीतून वाचवण्यासाठी आम्ही एकत्र येत होतो.

त्या कठड्याजवळ उभी असताना मी लेकीकडे पाहत होते. २०२२ च्या डिसेंबरात पगारवाढीसाठी परिचारिकांनी संप केला. त्यांच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने इंग्लंडात असा संप त्याआधी कधी केला नव्हता. माझी मुलगी थंडीत कुडकुडत फलक घेऊन उभी होती. मी औरंगाबादहून फोनवर तिला म्हणाले, “बाळा, परक्या देशात आहेस, व्हिसावर आहेस. पुढे पुढे करू नकोस.” ती म्हणाली, “आई, मतदान घेऊन, रीतसर नोटीस देऊन केलेला संप आहे. कोणी काही करू शकत नाही.” मला झोप आली नाही ती नाहीच. आईला कायद्याचे कलम दाखवून झोप येत नसते. डॉर्चेस्टरच्या त्या कोर्टात मात्र एक गोष्ट मला लख्ख दिसली. तिच्या बाजूने जे कलम आहे ते कोणा राजाने कृपा करून दिलेले नाही. इंग्लंडात कामगार संघटनांना कायद्याचे पुरते संरक्षण मिळायला १८७१ उजाडले आणि खेड्यातल्या शेतमजुराला मताचा अधिकार मिळायला १८८४.

पुरुषांची कहाणी सगळीकडे लिहिली आहे. मला सारखी आठवण येत होती ती डिनाची. थॉमस स्टँडफिल्डची ही बायको, आणि जॉर्ज व जेम्स लव्हलेसची सख्खी बहीण. म्हणजे पाहा, एका पहाटे तिचा नवरा गेला, पोटचा मुलगा गेला आणि माहेरचे दोन भाऊ गेले. घर तिचे. वरच्या खोलीत माणसे जमली की जिन्याखालची चूल तिची. लहान पोरे निजवून ती खाली बसत असेल आणि वरच्या पावलांचा आवाज ऐकत असेल. शपथ तिने घेतली नव्हती, पण शिक्षा तिलाही झाली. त्या काळी इंग्लंडात अडलेल्या कुटुंबाला पॅरिशकडून, म्हणजे गावच्या निधीतून, थोडी मदत मिळे. टोलपडलच्या या बायका मदत मागायला गेल्या तर त्यांना ती नाकारण्यात आली. ज्यांच्या घरधन्यांना संघटनेला शिलिंग द्यायला परवडत होता, त्यांना मदत कशाला, असा फ्रॅम्प्टनचा हिशेब. वाचक भगिनींनो, हा हिशेब आपल्याला नवा नाही. पुरुषाने मान वर केली की बाईच्या चुलीत पाणी ओतायचे!

त्या चुली विझल्या नाहीत, कारण लंडनच्या कामगारांनी वर्गणी काढली. त्यांनी एक समिती नेमली आणि कुटुंबांना पैसे पाठवायला सुरुवात केली. २१ एप्रिल १८३४ रोजी लंडनच्या उत्तरेला कोपनहेगन फील्ड्स नावाच्या माळावर हजारो कामगार जमले आणि सह्यांचा प्रचंड अर्ज घेऊन शिस्तीने सरकारच्या दारापर्यंत चालत गेले. सरकारने फौज तयार ठेवली होती, पण एक खिडकी फुटली नाही. मेलबर्नने त्या दिवशी अर्ज घ्यायला नकार दिला. आपली माणसे लंडनला गेली की किंग हेन्रीज रोडवरचे बाबासाहेबांचे घर पाहतात. १९२१-२२ मध्ये ते तिथे राहिले होते आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले. तिथून हा कोपनहेगन फील्ड्सचा भाग काही फार लांब नाही. आता तिथे बाग आहे. ज्यांना टोलपडलपर्यंत जाणे जमणार नाही, त्यांनी निदान तिथे तरी पाय लावावेत.

तोवर पाच जण ‘सरी’ नावाच्या जहाजातून ऑस्ट्रेलियाच्या वाटेला लागले होते. ऑगस्टमध्ये ते सिडनीला पोहोचले. जॉर्ज आजारी पडल्याने मागे राहिला. त्याला नंतर टास्मानियाला नेले. तिथे त्याने बेड्या घातलेल्या कैद्यांबरोबर रस्त्याचे काम केले आणि मग सरकारी शेतावर मेंढरे राखली. हॅमेटने म्हातारपणी सांगितले, की आपल्याला तिकडे एक पौंडाला विकले होते. इकडे आंदोलन थांबले नाही. सभा, अर्ज, पार्लमेंटात थॉमस वॅकली यांची भाषणे. अखेर मार्च १८३६ मध्ये सरकारने सहाही जणांना पूर्ण माफी दिली. ही माफी झाल्याची बातमी जॉर्जला कोणी साहेबाने सांगितली नाही. टास्मानियात हाती पडलेल्या एका वर्तमानपत्रात त्याने ती स्वतः वाचली. वाचायला शिकलेला नांगऱ्या! तरी तो लगेच निघाला नाही. बायकोला त्याने तिकडे बोलावले होते. ती जहाजात बसली असेल आणि आपण इकडून निघालो तर वाटेत चुकामूक व्हायची, म्हणून तिचे पत्र येईपर्यंत तो थांबला. १८३७ च्या जूनमध्ये तो इंग्लंडला पोहोचला. त्याचा भाऊ, स्टँडफिल्ड बापलेक आणि ब्राइन हे १८३८ मध्ये, आणि हॅमेट सर्वांत शेवटी १८३९ मध्ये.

परत आलेल्यांना टोलपडलमध्ये कोण कामावर घेणार? लोकवर्गणीतून त्यांना एसेक्स परगण्यात खंडाने शेती घेऊन दिली. ब्राइनने तिथेच डिनाच्या मुलीशी, एलिझाबेथशी लग्न केले. पण तिथल्या बड्या लोकांनाही हे शेजारी नको झाले. शेवटी पाच कुटुंबे १८४४ नंतर कॅनडाला निघून गेली आणि ओंटारिओत जमीन कसून जगली. आपण कोण होतो हे त्यांनी तिकडे फारसे बोलूनही दाखवले नाही. मुलानातवंडांनाही ते बराच काळ कळले नव्हते, असे सांगतात. मला हे वाचून फार वाईट वाटले. मग विचार केला, की आपल्यातही शहरात आल्यावर कितीकांनी गावाकडचे नाव पोरांना सांगितले नाही. बरे दिवस आल्यावर मागचे बोलू नये असे माणसाला वाटते. त्यात भित्रेपणाच असतो असे नाही, थकवाही असतो.

एकटा हॅमेट टोलपडलला परतला. मेथडिस्टांपैकी तो नव्हता. ९ डिसेंबरच्या त्या सभेला तो नव्हताच, त्याचा भाऊ होता, असेही सांगतात. आपल्या ऐवजी भाऊ पकडला जाऊ नये म्हणून तो गप्प राहिला, कारण भावाची बायको गरोदर होती. खरे असेल तर सहांत सर्वांत मोठा मला हाच वाटतो. गावात तो इमारतीच्या कामावर मजूर म्हणून राबला. १८७२ मध्ये जोसेफ आर्च यांनी शेतमजुरांची देशव्यापी संघटना उभी केली. १८७५ मध्ये तिच्या वतीने हॅमेटचा सत्कार झाला आणि त्याला घड्याळ भेट दिले. म्हातारपणी दृष्टी गेली. लेकरांवर भार नको म्हणून तो डॉर्चेस्टरच्या गरीबखान्यात गेला आणि १८९१ मध्ये तिथेच वारला.

त्याची कबर टोलपडलच्या सेंट जॉन चर्चच्या आवारात आहे. ज्या चर्चच्या पाद्र्याने करार नाकारला त्याच चर्चच्या आवारात. त्रेचाळीस वर्षे तिच्यावर दगडही नव्हता. १९३४ मध्ये एरिक गिल या नामवंत शिल्पकाराने कोरलेला दगड बसवला आणि मजूर पक्षाचे नेते जॉर्ज लॅन्सबरी यांनी त्याचे अनावरण केले. साधा, उभा दगड. नाव, तारखा आणि त्याच्या कार्याचा दोन शब्दांत उल्लेख. आजूबाजूच्या कबरींमध्ये मुद्दाम शोधावा लागतो.

टोलपडलची बाकीची स्मारकेही अशीच उशिरा आलेली आहेत आणि त्यातली बहुतेक श्रमिकांच्या पैशांतून उभी राहिली आहेत. मेथडिस्टांच्या नव्या प्रार्थनामंदिरापुढे १९१२ ची कमान आहे. शिक्षेनंतर तब्बल ७८ वर्षांनी उभारलेली. शताब्दीला, १९३४ मध्ये, ब्रिटिश कामगार संघटनांच्या काँग्रेसने गावाच्या कडेला सहा घरे बांधली. पुतळे नाही बांधले, घरे बांधली, तीही वयस्क झालेल्या शेतमजुरांसाठी. एकेका घराला एकेका हुतात्म्याचे नाव. ही कल्पना मला सर्वांत जास्त भावली. पुतळ्याला छप्पर लागत नाही, म्हाताऱ्या मजुराला लागते. घरांच्या मधल्या भागात संग्रहालय आहे. दर जुलैत इथे मेळा भरतो. देशभरातले कामगार आपापले रंगीत फलक घेऊन मिरवणुकीने गावातून जातात आणि हॅमेटच्या कबरीवर पुष्पचक्र वाहतात.

सर्वांत शेवटी आम्ही जुने प्रार्थनामंदिर पाहिले. १८१८ च्या सुमाराचे, एका खोलीचे, मातीच्या भिंतींचे. जॉर्जचा काळ या जागेचा. नंतर कितीतरी वर्षे ते शेतातली कोठी म्हणून वापरात होते. धान्य, अवजारे, जनावरांचे सामान. अलीकडे गावकऱ्यांनी ट्रस्ट करून ते विकत घेतले आणि मातीचे काम मातीनेच दुरुस्त केले. त्या सहा घरांवर सहा पुरुषांची नावे आहेत. डिनाच्या नावाची पाटी मला गावात कुठे दिसली नाही. पण तिचे घर मेथडिस्टांचे, भाऊ प्रवचन देणारा. रविवारी पोरांना घेऊन ती इथेच कुठेतरी भिंतीशी टेकून बसत असेल. लेकीने विचारले, “आई, भिंतीचा फोटो कशाला काढतेस?” मी म्हटले, राहू दे, तुझ्या मावशीला दाखवायचा आहे. तिला माती कालवता येते.